पातेल्यावरचा पांढरा थर

९ नोव्हेंबर

आणि एवढं सगळं करूनही ग्लासवर पांढरं आलंच. काल पान संपलं म्हणून तिथंच थांबलो होतो. भांडी धुवायच्या मशीनमधून काढले तेव्हा ग्लास चकचकीत होते. वाळले आणि सगळ्यांवर थर, खडूचा हात पुसल्यासारखा. आई मे महिन्यात रिटायर झाली तेव्हा जयसिंगपूरच्या तिच्या शाळेतल्या स्टाफनं दिलेले सहा ग्लास आहेत हे. आता त्यातनं पलीकडचं दिसत नाही.

आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "हातानं घासत हुती तवा दिसत हुतं की."

आण्णांचं मशीनशी पहिल्या दिवसापासून वाकडं आहे. मी जॉबला लागल्यावर पैसे साठवून दिवाळीला आईसाठी डिशवॉशर घेतला. तीस वर्षं शाळा करून आल्यावर परत भांडी, थंडीत बोटांना चिरा पडायच्या तिच्या. बॉक्स उघडला तेव्हा आई "अगंबाई, केवढं हे!" म्हणून हसली. आण्णा म्हणाले, "तिला इचारलंस का?" आता सरप्राइज कुणी विचारून देतं का?

असो. पांढऱ्याचं कारण सापडलंय. आमच्या गडमुडशिंगीच्या प्लॉटवर बोअरचं पाणी, त्यात क्षार जास्त. मशीनच्या तळाला एक टाकी असते, त्यात वेगळं जाड मीठ घालायचं असतं. आपलं जेवणातलं नाही चालत. ती टाकी रिकामी होती. भरली.

१२ नोव्हेंबर

ही वही आईनं दिलेली. म्हणाली, "मी मराठीची बाई, आणि माझ्या पोराला एकोणसाठ म्हटलं की तो विचारतो, म्हणजे फिफ्टीनाइन का सिक्स्टीनाइन? रोज चार ओळी लिही. आणि कुणीतरी वाचणार आहे असं समजून लिही, म्हणजे नीट लिहिशील."

तर जो कोणी वाचणार आहे त्याला एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या घरात भांड्यांना माणसांची नावं आहेत. आईच्या लग्नात आलेल्या प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलंय, तसं सगळ्यांकडेच असतं. पण आई ते नावच घेते. "बाबूमामाला गॅसवर ठेव." "शेवंताकाकूत पीठ मळलंय." "यड्रावच्या आत्याला जरा घासून काढ, करपलीय." लहानपणी एकदा शाळेत बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं, तर मी बाबूमामाचं नाव सांगितलं होतं. म्हणे तो कुठं झोपतो? म्हटलं, ओट्याखाली.

खरा बाबूमामा कुरुंदवाडला असतो. आईचा मामा. लग्नात अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी उभा होता तो. मोठं पातेलं त्याचं.

मशीन आल्यावर आई दोन दिवस म्हणत होती, "बाबूमामा नको घालू त्यात, गुदमरेल." मी म्हटलं, आई, स्टीलला काही होत नाही. घातला. मस्त बसतो, फक्त पालथा आणि तिरका ठेवायला लागतो.

१८ नोव्हेंबर

नवीन प्रॉब्लेम. भांडी धुतलीच जात नाहीत. कपाटातून ताटली काढली तर कडेला वाळलेली आमटी. वाटीत कालच्या रश्श्याचं तेल, लालभडक.

दोन शक्यता. एक, खालचा पाणी फवारणारा पंखा फिरत नाही, कारण पळीचा दांडा आडवा येतोय. दोन, पंख्याची भोकं बुजलीत. मी पंखा काढून टूथपिकनं सगळी भोकं साफ केली. एका भोकात तिळाचा दाणा. आईला दाखवला. म्हणाली, "शाब्बास रे माझ्या इंजिनियर."

२१ नोव्हेंबर

तरीपण घाण. आज तर अख्खं ताट, शिताशिताचं, तसंच कपाटात. आण्णांनी ते काढून न बोलता सिंकमध्ये धुतलं. मला वाटलं टोमणा मारतील. नाही मारला. तेच जास्त लागलं.

२६ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस आला, कृष्णात नाव. हुशार आहे पण जरा आगाऊ. सगळं उघडून बघितलं. पंखा ठीक, पाणी गरम होतंय, पावडरचं झाकण उघडतंय. पाण्याचं सेटिंग बोअरसाठी एकदम वरचं केलं.

मग म्हणाला, "मशीन चालू कोण करतंय घरात?"

"मी सकाळी लावून ऑफिसला जातो. बटण आई दाबते, नाष्ट्याची भांडी टाकली की."

"आणि रिकामं?"

"तेपण आईच करते."

तो आईकडं बघायला लागला. आई त्याच्यासाठी चहा आणत होती. म्हणाला, "काकी, मशीन झालं हे कसं वळकता तुमी?" आई म्हणाली, "झालं की झालं. काढून ठेवायची."

कृष्णात मला बाहेर गाडीपाशी म्हणाला, "सर, मशीनला काय झालेलं न्हाई. न लावताच भांडी काढली जात्यात. राग मानू नका, माझ्या आज्जीचं पण..."

मी म्हटलं, माझी आई तीस वर्षं टीचर होती, तिला बटण कळत नाही असं म्हणायचंय का? तो म्हणाला, "तसं न्हवं ओ सर." चहा न घेताच गेला.

कंप्लेंट करणार होतो त्याची. नंतर म्हटलं, जाऊदे. बटणापाशी लाल स्टिकर लावलाय, "आधी हे दाबा." रिटायरमेंटनंतर माणूस जरा रिलॅक्स होतो, लक्ष नसतं. नॉर्मल आहे.

३० नोव्हेंबर

एक गंमत. आई आता भांड्यांची नावं घेत नाही. "ते मोठं आण." "ती पसरट दे." मी म्हटलं, बाबूमामा का? तर म्हणाली, "हां, तेच ते." मी आण्णांना म्हटलं, बघा, मशीनमुळं आई मॉडर्न झाली. आण्णा जेवता जेवता उठले. हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

माझी थिअरी अशी, की थरामुळं नावंच दिसत नाहीत. बाबूमामावर तर एवढा पांढरा पापुद्रा आलाय की अक्षरं बुजली. पूर्वी आई घासताना ती रोज बोटाखाली यायची. आता कशी आठवणार? थर काढायलाच पाहिजे.

७ डिसेंबर

आज किचनमध्ये फेस! रविवार, मी वर कपडे वाळत घालत होतो, खाली आण्णांची हाक, "आरं राजवीर, पळ, दूध उतू गेलंय मशीनमधनं!" येऊन बघतो तर मशीनच्या दारातून फेस, फरशीवर फेस, फ्रीजखाली फेस, आण्णा लुंगी वर धरून उभे.

कारण साधं. पावडरच्या जागी हातानं भांडी घासायचं लिक्विड घातलेलं, कप भरून. ते चालत नाही, फेसानं मशीन गुदमरतं. बंद केलं, फेसावर मीठ टाकलं की तो बसतो हे वाचलेलं, ते केलं. दोन वेळा नुसतं पाणी फिरवलं. सुटलं.

आई पहिल्यांदा खूप हसली. फेस हातात घेऊन आण्णांच्या नाकाला लावला. आण्णापण हसले. मला वाटलं, किती दिवसांनी हे घर हसतंय. मग आई एकदम मला म्हणाली, "अहो, शाळेला उशीर होतोय, मला जयसिंगपूरची गाडी धरायचीय."

मी म्हटलं, आई, मी राजवीर. आणि आज रविवार. ती म्हणाली, "माहितेय रे. चेष्टा केली."

चांगली केली. मी फसलो.

१५ डिसेंबर

मशीनला वास. कुबट, कालवण नासल्यासारखा. सगळे सांगतात, वास आला की पहिल्यांदा फिल्टर. तळाला जाळीचा डबा असतो, तो फिरवून काढायचा, साबणाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायचा. दाराच्या रबराची घडीपण पुसायची, तिथं तेल साठतं. आम्ही कोल्हापूरची माणसं, आमच्या रश्श्याला वर तेलाचा तवंग लागतोच. मशीन बिचारं दुसऱ्या देशात जन्मलेलं.

फिल्टरमध्ये सापडलं: खोबऱ्याचा चोथा, लिंबाच्या बिया, काचेच्या बांगडीचा तुकडा, आणि आईच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. दुमडलेलं, एकही गोळी न फोडलेली.

ताटात राहिलं असणार. नवीन आणून दिलं. आईला म्हटलं, ताट आत ठेवताना बघत जा. म्हणाली, "बरं." लहान मुलीसारखं म्हणाली.

वास गेला.

२ जानेवारी

जमलं! थर गेला!

पद्धत लिहून ठेवतो. मिठाची टाकी भरलेली. सेटिंग वरचं. मशीनच्या वरच्या कप्प्यात वाटीभर व्हिनेगर सरळ ठेवायचं, बाकी मशीन रिकामं, आणि सगळ्यात गरम पाण्यावर फिरवायचं. मशीन आतून लख्ख. मग भांडी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून, हातानं पुसून, मग मशीनला. बाबूमामा असा निघाला की त्यात मला माझे दात दिसत होते. प्रत्येक अक्षर वर आलं.

संध्याकाळी टेबलावर मांडली सगळी. बाबूमामा, शेवंताकाकू, यड्रावची आत्या, स्टाफचे सहा ग्लास. आण्णांना बोलावलं, आईला खुर्चीत बसवलं. म्हटलं, आई, वाच.

आईनं चष्मा लावला. पातेलं जवळ ओढलं. वर्गात वाचायची तसं, एक एक शब्द मोकळा सोडून वाचलं, "चि. सौ. कां. विजयमाला हिस, मामा बाबूराव, कुरुंदवाड यांजकडून. चौदा पाच त्र्याण्णव." किती सुंदर वाचते ती. मी टाळी वाजवायला हात वर केला.

ती म्हणाली, "कुणाचं रे हे? कुरुंदवाडचं भांडं आपल्याकडं कसं आलं?"

मी वर केलेला हात खाली घेतला.

"परत द्यायला पाहिजे. एवढं मोठं पातेलं, शोधत असतील ते लोक." मग उठली, साखरेचा डबा काढला आणि पातेल्यात दोन मुठी साखर टाकली. "दुसऱ्याचं भांडं रिकामं द्यायचं नसतं," म्हणाली.

आण्णांनी डोळे मिटले.

३ जानेवारी

कृष्णातला फोन केला. म्हटलं, सॉरी. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ओ सर." मग म्हणाला, "दवाखान्यात दाखवा काकींना." मी विचारलं, तुझी आज्जी कशी आहे? तो म्हणाला, "आता न्हाई."

१९ जानेवारी

डॉक्टरांनी स्कॅन बघितला, आईला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. आईनं गोल काढला, छान गोल, आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहिले. मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाली, "तू तपास."

डॉक्टर म्हणाले, हे दोन-तीन वर्षांपासून चालू असणार. हळूहळू वाढत जाईल. गोळ्यांनी वेग थोडा कमी होतो, एवढंच. मी विचारलं, घरात नवीन मशीन आणलं, रोजचं काम तिच्या हातनं गेलं, त्यानं झालं का? ते म्हणाले, छे, मशीनचा काही संबंध नाही. मी परत विचारलं. तेच म्हणाले.

येताना आण्णा गाडी चालवत होते. आई मागं झोपली होती. मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला माहीत होतं?

त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "दोन वर्सांमागं जयसिंगपूरच्या आधीच हातकणंगल्यात उतरली. फोन केला मला, म्हनली, शाळा घावंना."

म्हणून शेवटचं दीड वर्ष आण्णा तिला रोज गाडीवरनं सोडायला जायचे. दूध संस्थेतलं आपलं काम अर्ध्यात टाकून. मी म्हणायचो, काय रोमँटिक जोडी आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"तिनं शपथ घातली हुती. पोरगा आत्ता नोकरीला लागलाय म्हनली." मग आण्णा म्हणाले, "सांजच्याला भांडी घासाय बसली की सगळी नावं घेत हुती बघ. एक बी चुकत न्हवतं. मी तिथंच पेपर घिऊन बसायचो. आईकत."

मला आठवलं, दिवाळीला बॉक्स उघडला तेव्हा ते काय म्हणाले होते.

१ फेब्रुवारी

आई रोज पातेल्यापाशी जाते. "अजून दिलं नाहीस?" रागावते. साखर काढून ठेवली तर परत घालते. शेवटी आज तिला घेऊन कुरुंदवाडला गेलो. आधी फोन करून बाबूमामाच्या सुनेला, तेजस्वीमामींना, सगळं सांगितलं होतं.

बाबूमामा शहाऐंशीचा. बाहेर कॉटवर बसला होता, हातात काठी. आईनं पदर नीट केला, दोन्ही हातांनी पातेलं पुढं धरलं आणि म्हणाली, "पावणं, हे तुमचं पातेलं चुकून आमच्याकडं आलं होतं. वाईट वाटून घेऊ नका."

मामानं तिच्याकडं बघितलं. त्याचा खालचा ओठ हलायला लागला. मला वाटलं आता हा रडणार आणि आई घाबरणार. पण त्यानं पातेलं मांडीवर घेतलं, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "व्हय बाई, माझंच हाय. लई दिस शोधतोय."

"घासून आणलंय," आई म्हणाली.

"दिसतंय की. लई झ्याक घासलंयसा."

मग त्यानं आत हाक मारली, "तेजस्वी, साखर काढून घे आनि ह्यात शेंगा भर." मामींनी भरून आणलं. मामा काठी टेकत उठला. नको नको म्हणताना उठला, आणि पातेलं आईच्या हातात दिलं. "आता हे माझ्याकडनं. न्हाई म्हनायचं न्हाई. तुमच्या लग्नाचा आहेर समजा."

आई लाजली. खरंच लाजली. वाकून त्याच्या पाया पडली. मामाचा हात तिच्या डोक्यावर होता आणि तो माझ्याकडं बघत होता. मी चपलांकडं बघत होतो.

गाडीत आई पातेलं मांडीवर घेऊन बसली. एकेक शेंग फोडून मला देत होती. नृसिंहवाडीच्या फाट्याला म्हणाली, "किती चांगला माणूस होता. कोण रे ते?"

मी म्हटलं, "बाबूमामा."

"हां," म्हणाली. "आमच्यातपण एक बाबूमामा होता."

८ फेब्रुवारी

मशीन बंद करून ठेवलंय. दार जरा उघडं ठेवायचं असतं, नाहीतर आत वास धरतो. त्यावर आण्णांनी पेपरचा गठ्ठा ठेवलाय.

संध्याकाळी आईला सिंकपाशी उभं करतो. गरम पाणी, काथ्या, थोडं लिक्विड. हात बरोबर फिरतात तिचे. आधी आतून, मग काठ, मग बूड. विसळून पालथं. त्यात एकही चूक नाही. मी शेजारी उभा राहून पुसतो आणि नावं घेतो. "ही शेवंताकाकू." ती म्हणते, "हो का?" "ही यड्रावची आत्या." "बरं." आण्णा मागं पेपर घेऊन बसतात. पान उलटत नाहीत.

आज बाबूमामा घासताना तिचं बोट नावावर थांबलं. ती वाकून बघत होती. मग म्हणाली, "इथं काहीतरी लागलंय, निघत नाही," आणि नख लावून ती अक्षरं खरवडायला लागली.

मी थांबवलं नाही तिला. बोटांना परत चिरा पडल्यात, क्रीम आणलंय.

डॉक्टर म्हणतात मशीनचा संबंध नाही. कृष्णातला परत फोन केला, तोपण तेच म्हणतो. आण्णांना विचारलं तर म्हणतात, "जेव आता." पण ती रोज ती नावं हातानं घासत होती तोपर्यंत तिला सगळी माणसं येत होती. आणि मी दिवाळीला एवढा मोठा बॉक्स घेऊन आलो, तिला न विचारता. तिनं सांगितलं होतं, कुणीतरी वाचणार आहे असं समजून लिही. म्हणून तुम्हालाच विचारतो, इथं दुसरं कोणी खरं सांगत नाही. मी ते मशीन आणलं नसतं, तर बाबूमामा अजून थोडे दिवस तिच्या ओळखीचा राहिला असता का? तुम्हाला काय वाटतं?